उजव्या क्लिकचे मानकरी

माणूस प्रवासात कळतो, असं जुनी माणसं म्हणत. हल्ली इतका खर्च करावा लागत नाही. त्याच्या लॅपटॉपवर एक राइट क्लिक मारला तरी पुरतं.

सर्वसामान्य माणसाच्या संगणकावर राइट क्लिक केलं की आठ-दहा ओळींचा सुटसुटीत मेनू उघडतो आणि त्यातली मनापासून वापरलेली ओळ एकच असते, ती म्हणजे ‘रिफ्रेश’. मशीन सुरू झालं की डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेत राइट क्लिक करून तीन-चार वेळा रिफ्रेश केल्याशिवाय आपल्याकडे कामाला सुरुवात होत नाही. त्या रिफ्रेशनं पडद्यावरचे आयकॉन पुन्हा एकदा रंगवले जातात, बाकी काही होत नाही. मशीनचा वेग तसूभरही वाढत नाही. पण हे सांगणाऱ्याकडे लोक अशा नजरेनं बघतात की सांगणाराही घरी गेल्यावर गुपचूप दोनदा रिफ्रेश मारून घेतो.

सॉफ्टवेअरवाल्याचा राइट क्लिक मात्र वेगळ्याच जातीचा. त्याच्या मशीनवर मेनू उघडतो तो पडद्याच्या वरच्या कडेपासून टास्कबारपर्यंत. ‘गिट बॅश हिअर’, ‘गिट जीयूआय हिअर’, ‘ओपन विथ कोड’, ‘ओपन इन टर्मिनल’, ‘एडिट विथ नोटपॅड प्लस प्लस’, सेव्हन-झिपचा उपमेनू, टॉर्टॉइसचा उपमेनू. आणि या गर्दीत अधूनमधून त्यानं स्वतःच्या हातानं घातलेल्या ओळी: ‘इथे सर्व्हर चालू कर’, ‘बिल्ड मार’, ‘नोड मॉड्यूल्स उडव’. यातली शेवटची ओळ अशा ठिकाणी बसवलेली असते की ‘रिनेम’ करायला गेलेला पाहुणा सहज तिच्यावर पाय देईल.

ह्या ओळी कशासाठी असतात, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: “वेळ वाचतो.” यावर मी बरीच वर्षं विश्वास ठेवला. मग हे लोक ओळ बसवताना बघितले आणि माझं मत बदललं. वेळ हे निमित्त आहे. माणसाला कुठंतरी आपलं नाव लागलेलं हवं असतं. फ्लॅटच्या दारावरची पाटी बिल्डरच्या नमुन्याची, मशीन कंपनीचं, त्यावरचं वॉलपेपरसुद्धा कंपनीचंच. उरतो तो राइट क्लिक.

तरीही वकिलाच्या भूमिकेतून त्यांची बाजू मांडतो, कारण मूळ दुखणं खरं आहे. हा माणूस दिवसभर दोन जगांत राहतो. एक चित्रांचं, जिथं पिवळी फोल्डरं दिसतात. दुसरं काळ्या खिडकीचं, जिथं नुसती आज्ञा टाइप करायची. समोर फोल्डर उघडं आहे, डोळ्यांना दिसतंय, पण काळ्या खिडकीला ते दिसत नाही. तिला पत्ता सांगावा लागतो. एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९८३ साली, फोल्डरात फोल्डर ठेवायची सोय आली आणि तेव्हापासून ‘सीडी’ ही आज्ञा देत माणूस या मजल्यावरून त्या मजल्यावर हिंडतो आहे. आमच्या हिंजवडीत तो पत्ता साधारण असा असतो: डी ड्राइव्ह, प्रोजेक्ट्स, क्लायंट, न्यू, न्यू फायनल, न्यू फायनल लेटेस्ट, सोर्स. टॅबचं बटण दाबलं की नाव आपोआप पूर्ण होतं, हे खरं. पण ‘न्यू’ टाइप करून टॅब दाबला की काळी खिडकी एकेक करून सगळे ‘न्यू’ आळीपाळीनं दाखवते आणि त्यातला खरा कोणता हे ज्यानं ठेवला त्यालाही सांगता येत नाही.

त्यात ह्या खिडकीचा स्वभाव. ‘सीडी’ लिहून पुढं डी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता दिला, एंटर मारला, तरी ती सी ड्राइव्हवरच ढिम्म उभी. चूक झाली असंही सांगत नाही. खरं तर तिनं ऐकलेलं असतं. डी ड्राइव्हवर आपली जागा कोणती हे तिनं मनात नोंदवून ठेवलेलं असतं, फक्त स्वतः उठून तिकडं गेलेली नसते. प्रत्येक ड्राइव्हवरची जागा वेगवेगळी लक्षात ठेवायची ही डॉसच्या काळापासूनची खोड. पत्त्याआधी ‘स्लॅश डी’ लावलं की मगच बाईसाहेब हलतात. आणि हीच खिडकी ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडली, तर ती थेट विंडोजच्या ‘सिस्टीम ३२’ फोल्डरात जाऊन उभी राहते. म्हणजे ज्या खोलीत कशालाही हात लावू नये, नेमक्या त्याच खोलीत, हातात सगळ्या किल्ल्या देऊन.

अशा वेळी समोर दिसणाऱ्या फोल्डरात राइट क्लिक करून “इथंच उघड” असं म्हणता यावं, ही अपेक्षा काही गैर नाही.

ही उजवी कळ मुळात सुखासुखी आलेली नाही. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत जगाला माउस दाखवला तेव्हा त्याला तीन बटणं होती. पुढं लॅरी टेस्लरसारख्यांनी आग्रह धरला की माणसाला एकच बटण पुरे, म्हणजे कुठलं दाबू हा प्रश्नच येणार नाही. हेच ते टेस्लर, ज्यांच्यामुळं कट-कॉपी-पेस्ट रूढ झालं आणि अर्धं आयटी क्षेत्र आज पोट भरतं आहे. ॲपलनं एका बटणाचा वसा घेतला, १९८३ च्या लिसापासून पुढं कित्येक वर्षं निभावला. मग २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि उजवं बटण घराघरांत पोचलं. दोनच वर्षांनी ॲपलनंही मॅक ओएस ८ मध्ये हा मेनू आणला, पण बटण मात्र दिलं नाही. कंट्रोलची कळ दाबून क्लिक करा म्हणाले. उजव्या क्लिकला दाद देणारा स्वतःचा माउस काढायला त्यांना २००५ साल उजाडलं, आणि तोही दिसायला असा की बटणं वेगळी आहेत हे वरून कुणाला कळू नये. आपल्याकडे काही घरांत कांदा-लसूण जसा येतो, तसा.

विंडोजवर ‘इथं कमांड विंडो उघड’ ही ओळ आधी एक्सपीच्या काळात पॉवरटॉय नावाच्या वेगळ्या पुडीतून मिळे. व्हिस्टात ती अंगचीच झाली, फक्त शिफ्ट दाबून राइट क्लिक केला तरच दिसे. ही शिफ्टची युक्ती माहीत असणं हा त्या काळी ऑफिसात ज्येष्ठतेचा पुरावा होता. मग २०१७ च्या विंडोज १० अपडेटमध्ये एका सकाळी ती ओळ गेली आणि तिच्या जागी निळं पॉवरशेल आलं. पॉवरशेल जास्त ताकदीचं आहे, हे सगळ्यांना मान्य होतं. पण काळ्या खिडकीची सवय झालेल्या बोटांना ताकदीचं काय? त्या आठवड्यात रजिस्ट्री उघडून जुनी ओळ परत बसवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते नवीन फीचर बाजारात आणणाऱ्यांच्याही चेहऱ्यावर नसतं.

आता ही ओळ बसवायची कशी, ते थोडक्यात सांगतो. करायचं तर करा, नाहीतर दुसरा करत असताना मागं उभं राहून “जपून हं” म्हणायला तरी उपयोग होईल.

रजिस्ट्री एडिटर उघडायचा. या विषयावरच्या प्रत्येक सूचनेच्या माथ्यावर लिहिलेलं असतं की रजिस्ट्रीत चुकीचा बदल केला तर मशीन सुरू होणार नाही, आधी एक्सपोर्ट करून ठेवा. हे वाचून प्रत्येक जण गंभीरपणे मान हलवतो आणि एक्सपोर्ट न करता पुढं जातो. आत गेल्यावर क्लासेस रूट, त्यात डिरेक्टरी, त्यात बॅकग्राउंड, त्यात शेल. शेलच्या पोटात आपल्या नावाची नवी की करायची, तिच्या पोटात ‘कमांड’ नावाची दुसरी की, आणि तिच्या डिफॉल्ट किमतीत हवी ती आज्ञा. झालं. ना कोड, ना कंपाइल. ना रीस्टार्ट.

मग पहिला संवाद होतो, तो सगळ्या टीममध्ये सारखाच असतो.

“मेनूत काहीच येत नाहीये रे.”

“कुठं क्लिक केलंस?”

“फोल्डरवर.”

“फोल्डरवर नाही. फोल्डरमध्ये.”

“फोल्डरमध्ये कुठं? फाइलवर?”

“फाइलवर नाही रे. रिकाम्या जागेत.”

“रिकामी जागा कुठंय? सगळं भरलंय.”

कारण फोल्डरच्या चित्रावर केलेला राइट क्लिक वेगळा आणि उघड्या फोल्डरातल्या मोकळ्या जागेवर केलेला वेगळा. पहिल्यासाठी ओळ ‘डिरेक्टरी’च्या खालच्या शेलमध्ये, दुसऱ्यासाठी ‘बॅकग्राउंड’च्या खालच्या शेलमध्ये. ड्राइव्हच्या चित्रावर हवी असेल तर ‘ड्राइव्ह’ नावाचं तिसरंच घर. म्हणजे एका ओळीसाठी तीन ठिकाणी अर्ज. सरकारी कामाचा अनुभव असलेल्या माणसाला यात काही खटकत नाही, तो तिन्हीकडे मुकाट्यानं भरतो.

पत्ता पोचवण्याचेही नियम आहेत. आज्ञेत टक्क्याचं चिन्ह आणि ‘व्ही’ लिहिलं की त्या जागी फोल्डरचा पत्ता आपोआप येतो. काही जण सवयीनं टक्का आणि ‘एक’ लिहितात. तो फोल्डरच्या चित्रावर चालतो, मोकळ्या जागेत चालत नाही. आणि काहीही लिहा, भोवती अवतरणचिन्हं हवीतच, नाहीतर ‘न्यू फायनल’ मधल्या मोकळ्या जागेपाशी पत्ता तुटतो आणि आज्ञा ‘न्यू’ च्या शोधात निघते. दुर्दैव असं की ‘न्यू’ नावाचंही फोल्डर शेजारीच असतं आणि तिथं ती सुखरूप पोचते.

काळ्या खिडकीला ‘स्लॅश सी’ सांगितलं तर ती काम संपताच मिटते, ‘स्लॅश के’ सांगितलं तर उघडी राहते. नवीन माणूस हटकून ‘सी’ लावतो. मग राइट क्लिक केला की पडद्यावर काहीतरी काळं चमकतं आणि नाहीसं होतं. त्या निमिषात एरर येऊन गेलेली असते. ती वाचण्यासाठी मोबाइलवर व्हिडिओ काढून, तो हळू चालवून, मधल्या चित्रावर बोटांनी झूम करणारी मुलं मी पाहिली आहेत. चिकाटीला तोड नाही. फक्त एक अक्षर बदललं असतं तर चहा गरम मिळाला असता.

मेनूतल्या नावात ‘आणि’चं ते वेटोळ्याचं चिन्ह टाकलं की गंमत होते. विंडोजला ती खूण वाटते, पुढच्या अक्षराला अधोरेखित करायची. ‘आर’ आणि ‘डी’ यांच्यामध्ये ते चिन्ह टाकून कुणी संशोधन विभागासाठी खास ओळ बसवली, तर मेनूत नुसतं ‘आरडी’ दिसतं आणि ऑफिसातले लोक पोस्टाच्या रिकरिंग डिपॉझिटची चौकशी करायला येतात. चिन्ह दोनदा टाकलं की एकदा दिसतं.

मेनूत देवनागरी मात्र झकास उमटते. रजिस्ट्रीत थेट टाइप केलं तर काहीच अडचण नाही. पण मित्रांना वाटायला म्हणून ‘रेग’ फाइल केली आणि ती युनिकोडऐवजी जुन्या एएनएसआय पद्धतीनं सेव्ह केली, की ‘इथंच उघड’ च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. ते वाचून नक्की काय होईल याची खात्री नसल्यानं त्यावर क्लिक करायला कुणी धजत नाही. नीट बसली तरी पुढं दुसरी परीक्षा. मराठी नावाचं फोल्डर जुन्या काळ्या खिडकीत उघडलं की अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. मेनूपर्यंत मराठीचा मान, आत गेल्यावर मौन. ही पद्धत विंडोजनं कुठून उचलली, ते चाणाक्ष वाचकांना सांगायला नको.

ओळ बसवणाऱ्यांचे काही पंथ आहेत.

पहिला पंथ सोयवाद्यांचा. दिवसातून चार वेळा लागणारी आज्ञा टाइप करायचे काही सेकंद वाचावेत म्हणून हे अख्खी दुपार खर्चतात. ओळ चालली की तिला आयकॉन हवा. आयकॉन मिळाला की तो सोळा बाय सोळाच्या आकारात धूसर दिसतो, म्हणून तो नव्यानं काढायचा. संध्याकाळी स्टँडअपमध्ये सांगतात, “आज प्रॉडक्टिव्हिटीवर काम केलं.” हे वाक्य खोटंही म्हणता येत नाही.

दुसरा पंथ दानशूरांचा. यांच्याकडे सगळ्या ओळींची एक रेग फाइल तयार असते. नवीन माणूस टीममध्ये आला की त्याची विचारपूस करायच्या आधी ती फाइल पाठवतात. “डबल क्लिक कर, येस म्हण, विसरून जा.” नवा बिचारा येस म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या मेनूत अशा प्रोग्रॅमची नावं येतात जे त्याच्या मशीनवर नाहीत, अशा ड्राइव्हवर जे अस्तित्वातच नाहीत. दात्याचा ई ड्राइव्ह असतो, घेणाऱ्याचा नसतो. पण दान नाकारायचं कसं?

तिसरा पंथ कळफलकवाद्यांचा. हे माउसला शिवत नाहीत. राइट क्लिकचा विषय निघाला की यांच्या चेहऱ्यावर, शाकाहारी माणसाला मटणाच्या रेसिपीबद्दल विचारल्यासारखा भाव येतो. “हात कीबोर्डवरून उचलावाच का लागतो तुम्हाला?” हे यांचं ब्रीद. यांच्यापैकी एकाला शिफ्ट आणि एफ१० दाबून हाच मेनू उघडताना मी पाहिलं. मेनू उघडलाच, तर माउसविना उघडला, एवढं त्यांचं सोवळं.

चौथा पंथ परवानगी नसलेल्यांचा, आणि संख्येनं हाच मोठा. कंपनीनं मशीनवर ॲडमिन राइट्स दिलेले नसतात. प्रिंटर बदलायलासुद्धा तिकीट टाकावं लागतं, आणि ते ‘रिझॉल्व्ह्ड’ झाल्याचा मेल प्रिंटर चालू होण्याच्या आधी येतो. अशा माणसाला एक दिवस कुणीतरी कानात सांगतं की क्लासेस रूट सोड, ‘करंट यूजर’ मध्ये सॉफ्टवेअर, त्यात क्लासेस, तिथं तीच रचना कर. तिथं ॲडमिन राइट्स लागत नाहीत. कारण ती फक्त आपल्यापुरती जागा आहे, सगळ्या मशीनची नव्हे. तो घाबरत घाबरत करतो आणि ते चालतं! संपूर्ण ऑफिसात जी एक गोष्ट कुणालाही न विचारता करता येते ती हीच, हे कळल्यावर त्याची छाती जी फुगते, ती अप्रेझलपर्यंत उतरत नाही.

इथवर सगळं घरगुती होतं. पण ह्या मेनूत फक्त आपणच नावं घालतो असं नाही. आपण जो जो प्रोग्रॅम घेतो तो आपलं नाव घालूनच आत येतो, आणि मग त्या मेनूची लग्नपत्रिका होते. गिट बसवताना इन्स्टॉलर नम्रपणे विचारतो, एक्स्प्लोररमध्ये आमची नावं घालू का? चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असते, आपण फक्त ‘नेक्स्ट’ दाबायचं. पत्रिकेत एक नाव घातलं की दुसरं घालावंच लागतं. मोठ्या काकांचं आलं आणि धाकट्यांचं राहिलं, असं चालत नाही. काढायचं तर बोलायलाच नको. प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करून वर्ष झालं तरी त्याचं नाव मेनूत छापलेलं असतं. कै. लिहायची मात्र सोय नाही.

मानपानही तसाच. फाइलींच्या आयकॉनवर हिरवी बरोबरची खूण, लाल उद्गारचिन्ह असं छोटं चित्र चिकटवण्याची विंडोजमध्ये एक जुनी सोय आहे. अशी चित्रं मोजून पंधराच दाखवली जातात, सोळाव्याला जागा नाही. कोण आत आणि कोण बाहेर हे ठरतं नावांच्या वर्णानुक्रमानं. हे कळल्यावर मोठमोठ्या कंपन्यांनी काय केलं? आपल्या नावाच्या आधी एक मोकळी जागा सोडली. कारण मोकळी जागा वर्णानुक्रमात ‘ए’ च्याही आधी येते. ते बघून दुसऱ्यानं दोन मोकळ्या जागा सोडल्या, तिसऱ्यानं तीन. अब्जावधींची उलाढाल असलेल्या कंपन्यांचे अभियंते, निमंत्रकांच्या यादीत आपलं नाव वर यावं म्हणून शून्याच्या आधी शून्य लावत बसले आहेत, हे दृश्य रजिस्ट्रीत कुणालाही आजही बघता येतं.

यातला एक फरक मात्र समजून घ्यायला हवा. आपण रजिस्ट्रीत हातानं घातलेली ओळ गरीब असते. क्लिक करेपर्यंत ती नुसती अक्षरं. पण काही प्रोग्रॅम स्वतःची डीएलएल घेऊन थेट एक्स्प्लोररच्या घरात राहायला येतात. राइट क्लिक केला की मेनू उघडायच्या आधी ह्या प्रत्येकाला विचारलं जातं, तुमचं काही आहे का? त्यातला एखादा नेटवर्कवर कुठंतरी डोकावून येतो, आणि तोवर आपण फिरणाऱ्या वर्तुळाकडे बघत बसतो. नुसतं फाइलचं नाव बदलायचं होतं, पण आधी सगळ्या मानकऱ्यांची संमती हवी. ह्यांना शोधून गप्प बसवण्यासाठी नीर सोफर यांचं शेलएक्सव्ह्यू नावाचं एक फुकट आणि इटुकलं साधन आहे. ते पहिल्यांदा उघडणाऱ्याला आपल्या घरात एवढी मंडळी राहतात हे बघून घाम फुटतो.

शेवटी मायक्रोसॉफ्टचाच धीर सुटला. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं आणि त्यांनी पत्रिका नव्यानं छापली. वरती कट, कॉपी, रिनेम, डिलीट यांची चित्रं, खाली मोजकी नावं, आणि शेवटी एक ओळ: ‘शो मोअर ऑप्शन्स’. म्हणजे ‘व समस्त परिवार’. जुनी सगळी मंडळी त्या एका ओळीत गेली. वरच्या यादीत यायचं असेल तर प्रोग्रॅमकडे रीतसर ओळख हवी, पॅकेज हवं, नव्या पद्धतीची अर्जरचना हवी. आपण हातानं घातलेल्या साध्या ओळींकडे ओळखपत्र कुठलं? त्या बिनबोभाट परिवारात.

यावर आमच्या लोकांनी काय करावं? रजिस्ट्रीतच उत्तर शोधलं. ‘८६सीए१एए०’ नं सुरू होणारी एक लांबलचक आकड्या-अक्षरांची की करायची, तिच्या खाली ‘इनप्रोकसर्व्हर३२’ नावाची दुसरी, आणि तिची किंमत कोरी ठेवायची. काही लिहायचं नाही. नव्या मेनूचा कारभार बघणाऱ्याला विंडोज शोधायला जातं, तिथं कोरा कागद मिळतो, आणि ते निमूटपणे जुना मेनू काढून देतं. ज्याच्याकडे कोरा कागद दाखवून काम करून घ्यायची कला आहे, त्याला आपल्याकडे मोठ्या पदावर बसवतात.

मॅकवाले हे सगळं ऐकून हसतात. त्यांच्याकडे ‘न्यू टर्मिनल ॲट फोल्डर’ अशी सोय आहे, पण सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या शॉर्टकटांखाली सर्व्हिसेसच्या यादीत. माउसच्या गोष्टीसाठी कीबोर्डच्या कपाटात बघायचं, हे एकदा सुचलं की पुढचं सोपं. लिनक्सवाले तर हसतही नाहीत. ग्नोमच्या फाइल व्यवस्थापकात स्क्रिप्ट्स नावाचं एक ठरावीक फोल्डर आहे. त्यात चालवण्याजोगी स्क्रिप्ट टाकली की ती राइट क्लिकमध्ये हजर, आणि फोल्डर रिकामं असेल तर स्क्रिप्ट्सचा उपमेनूच दिसत नाही. इतकी सरळ व्यवस्था विंडोजवाल्याला दाखवली की तो म्हणतो, “यात काय मजा?” तो चुकत नाही. जी गोष्ट फाइल टाकून होते, तिच्याबद्दल चहाच्या टपरीवर बोलायचं काय?

आणि आता ज्या गोष्टीचा उच्चार या पंथांमध्ये निषिद्ध आहे, ती सांगतो. एक्स्प्लोररमध्ये फोल्डर उघडं असताना वरच्या ॲड्रेसबारमध्ये ‘सीएमडी’ एवढी तीन अक्षरं टाइप करून एंटर मारला, की त्याच फोल्डरात काळी खिडकी उघडते. रजिस्ट्री नको, अवतरणचिन्हं नकोत, टक्का व्ही नको. ही सोय फार जुनी आहे आणि ह्या लोकांना ती चांगली ठाऊक असते. विचारून बघा. “हो, माहितीये,” म्हणतील, आणि विषय बदलतील. कारण ती तीन अक्षरं सगळ्यांची आहेत. मेनूतली ‘इथंच उघड’ ही ओळ त्यांची एकट्याची आहे.

ह्यात वाईट काही नाही. भाड्याच्या जगात माणसानं चार ओळी आपल्या मालकीच्या ठेवल्या तर बिघडलं कुठं? फक्त काही पथ्यं पाळा. ओळी ‘करंट यूजर’ खाली घाला, म्हणजे तुमच्या हौसेचा त्रास त्या मशीनवरच्या दुसऱ्या कुणाला व्हायला नको. काही पुसून टाकणारी आज्ञा असेल तर तिच्या कीमध्ये ‘एक्स्टेंडेड’ नावाची कोरी किंमत घाला, म्हणजे शिफ्ट दाबल्याशिवाय ती दिसणार नाही आणि पाहुण्यांचा पाय पडणार नाही. आधी एक्सपोर्ट करा, खरंच करा. रेग फाइल वाटण्याआधी घेणाऱ्याकडे ई ड्राइव्ह आहे का ते विचारा. आणि वर्षातून एकदा मेनू वरपासून खालपर्यंत वाचून काढा. जी ओळ कशासाठी घातली होती हे आठवत नाही, ती काढून टाका. दुसऱ्यांनी छापलेली नावं काढायला साधनं लागतात, आपण घातलेलं नाव काढायला फक्त डिलीटची कळ लागते. ती कीबोर्डवर उजव्या बाजूलाच आहे.